पप्पांचा ‘जातीय’ आणि माझा

घराची वरची खोली रिकामी झाली तेव्हा मी पप्पांना विचारलं, ती माझ्या मैत्रिणीला भाड्यानं देता येईल का. आम्ही दोघी शेंद्र्याला एकाच कंपनीत. तिला घरमालकानं महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं होतं. पप्पा लगेच हो म्हणाले. मग म्हणाले, “आडनाव काय तिचं?”

मी सांगितलं. त्यांनी भाजीत पोळी बुडवली. “पोरगी चांगलीच असंल. पण वर आपल्यातलं कुणी असलं की बरं पडतं.”

मी घरात फार बोलत नाही. शाळा इंग्रजी, त्यामुळे राग आला की शब्दही इंग्रजीतच येतो. त्याचं मराठी जुळवून मी म्हणाले, “पप्पा, हा जातीयवाद आहे.”

त्यांनी पोळी ताटात ठेवली. त्यांच्या लेखी जातीय म्हणजे दंगल. कर्फ्यू, बंद दुकानं, हिंदू-मुसलमान.

“मी जातीयवादी? दंगलीत शेजारचे भाईजान लेकराबाळांसकट याच घरात होते. विचार तुझ्या मम्मीला.”

“व्हय,” मम्मी म्हणाली. “मीच जेवू घालायचे त्यांना. लई बोललीस तू.”

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. पप्पांचा अभिमान वाटला, आणि पुढचं बोलणं अवघड झालं.

“मी दंगलीचं नाही, जातीचं म्हणतेय.”

“मग आधी मराठी शीक.”

रात्री त्यांनी सोयगावला काकांना फोन केला. “पोरगी मला जातीयवादी म्हणती.” नंतर आत्याचाही फोन आला. सगळे त्यांची समजूत घालत होते. खोलीचं कुणीच विचारलं नाही.

कॅन्टीनमध्ये मी मैत्रिणीला म्हणाले, “पप्पांना एक शब्द फार लागला गं.” आणि तो शब्द, त्याचे दोन अर्थ, सगळं समजावत बसले. तिनं ऐकून घेतलं.

“आणि खोलीचं?”

मी डब्याचं झाकण लावत राहिले.

“आडनाव विचारलं?”

“हं.”

“मग तेवढंच सांगायचं ना. मी सामान बांधून बसलेय.”

ती चिकलठाण्याच्या एका हॉस्टेलवर गेली. सामान न्यायला येऊ का, विचारलं तर म्हणाली, भाऊ येतोय. कंपनीच्या बसमध्ये ती आता मागं बसते. तिथं झोप चांगली लागते म्हणते.