झाकलेली सीट

धाड गावच्या बाजारात गाड्यांची सीट-कव्हरं शिवणारे एक चाचा बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. माझं बियाण्यांचं दुकान आहे. एकाच छोट्या एसयूव्हीची तिन्ही मॉडेलं मी पाठोपाठ घेतली आणि पहिल्या दोन्हींची कव्हरं त्यांच्याकडूनच शिवून घेतली. गाडी दर पिढीला फुगत गेली. पुढे टीव्हीसारखा पडदा आला, छताला खिडकी आली. चाचा मेंदीची दाढी खाजवत तिच्याभोवती फेरी मारायचे, दार लावून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, “गाडीची नवी पिढी, तुमच्या बीटी बियाण्याची नवी पिढी. अन् माह्या वावरातल्या कपाशीत बोंडअळी तीच!”

तिसऱ्या गाडीचं माप घेता घेता ते थांबले.

“काऊन झाकता, सेठ?”

“सीट खराब होईल ना.”

“पहिली झाकली, विकली. घेणाऱ्याले कोरी सीट भेटली. दुसरीचंही तसंच. तुम्ही त दुसऱ्याच्या बुडासाठीच सांभाळून राह्यले!”

मी ओशाळलो. या वेळी कव्हरं नकोत म्हणालो.

चाचा खुशीत आपल्या खुर्चीत टेकले आणि चुरचुर आवाज झाला. नव्या खुर्चीवरचं दुकानातलं प्लास्टिक त्यांनी अजून काढलं नव्हतं.