तीन चाळण्यांचं पीठ

गावातल्या प्रत्येक चाळणीवरून रुसानाची बोटं फिरलेली होती. घोड्याच्या केसांची जाळी विणायची आणि लाकडी कड्यात ताणून बसवायची, हा तिच्या बापाचा धंदा. ती चार वर्षांची असताना बाप दगडाच्या खाणीत दबून मेला. धंदा आधी आईने आणि मग तिने चालवला. पिठाची ती सितो, गव्हाची ती रेशेतो. एकीला दुसरीचं नाव कुणी दिलं की रुसाना म्हणायची, "मग उद्या गाढवालाही घोडा म्हण!"

लग्नाच्या भाकरीचं पीठ मात्र तिने कधी चाळलं नव्हतं. आदल्या दिवशी नवरीच्या घरी एकावर एक तीन चाळण्या ठेवून ते चाळतात, आणि आईबाप दोघंही जिवंत असलेल्या मुलीनेच चाळायचं. मग हसतखिदळत सगळ्या एकमेकींच्या तोंडाला पीठ फासतात. रुसानाच्या चाळण्या प्रत्येक लग्नाला गेल्या, ती उंबऱ्याशी उभी राहिली. आठ वर्षांची असताना तिने घरी एकटीनेच गालांना पीठ लावून घेतलं होतं. आईने आधी चापट मारली, मग तिला पोटाशी धरून रडली.

आता झ्लातिनाचं लग्न होतं. बहीण गेल्यावर तिची ही तान्ही पोर रुसानानेच वाढवली होती.

"मावशे, पीठ तू चाळायचं," झ्लातिना म्हणाली.

रुसानाची भीतीने गाळणच उडाली. "वेडी का काय! माझं नशीब तुझ्या भाकरीत नको. शेजारची मिल्का चाळेल."

"मग मी लग्नच करत नाही."

"नव्या चाळणीचे लाड तीनच दिवस, तेवढेच दिवस ती खिळ्यावर मिरवते बरं! सासरी असले हट्ट चालायचे नाहीत."

मिल्का सात वर्षांची, तिचे आईबाप धडधाकट. पण तीन चाळण्या तिला पेलेनात. पहिलाच हिसडा दिला तर पीठ परातीबाहेर. बायका चुकचुकल्या. उंबऱ्याशी उभ्या रुसानाचा जीव तीळतीळ तुटत होता. दोन्ही हात तिने ॲप्रनखाली घट्ट धरून ठेवले होते.

"रुसानाआजी, धर ना गं!" मिल्का रडवेली होऊन म्हणाली.

सगळ्यांनी पेंकाम्हातारीकडे पाहिलं. गावात रीत म्हणजे पेंकाचा शब्द. साठ वर्षं तिनेच रुसानाला उंबऱ्याशी उभं केलं होतं.

पेंकाने काठी आपटली. "चाळणार पोरगीच. चाळणी नुसती धरायला काही नियम नाही. ये गं आत, खांबासारखी काय उभी राहिलीस?"

रुसाना मिल्काच्या मागे गुडघ्यांवर बसली. पोरीच्या हातांवर तिने आपले हात ठेवले. चाळण्या हलल्या, आणि पीठ झिरमिर पडू लागलं. परातीबाहेर कण गेला नाही.

पीठ चाळून झालं तशी झ्लातिनाने मूठ भरली आणि मावशीच्या दोन्ही गालांना फासली. बायका खो खो हसल्या. रुसानाही हसली, आणि हसता हसता तिच्या गालांवरून दोन ओघळ उतरले.

"रडू नको गं बाई, पीठ चिकट होईल," पेंका म्हणाली. "पुसून टाक."

"राहू दे," रुसाना म्हणाली. "आईला दाखवून येते."

आणि तशाच पांढऱ्या तोंडाने ती भर दुपारी, गावातून, दफनभूमीकडे चालत गेली.