जाळ्याच्या शिशाचं सील

पळस्पे फाट्याजवळ गाड्यांच्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप होतं. काळूराम घरत तिथं डिझेल पंपाचा मेकॅनिक. साधासुधा नव्हे हो! गाडी फाटकातून आत येतानाच तिचा आवाज ऐकून सांगायचा, तीन नंबरचा नोझल गळतोय. आणि उघडून बघावं तर तोच गळत असायचा. चौदा वर्षं उरण नाक्यावरच्या गॅरेजांतून हात काळे केल्यावर त्याला ही नोकरी लागली. निळा युनिफॉर्म, फंड, दिवाळीला बोनस. घरतांच्या अख्ख्या खानदानात पगाराच्या चिठ्ठीवर नाव असलेला हा पहिला गडी. युनिफॉर्मला बायकोनं, सुमतीनं, इस्त्री केल्याशिवाय तो अंगात घालत नसे. ग्रीसमध्ये लोळायला इस्त्री कशाला, असं कुणी चिडवलं तर म्हणायचा, "कंपनीचा मान हाय तो."

एवढा शहाणा माणूस, पण कौतुकाला भारी हपापलेला. 'काळू, तुझ्या हाताला तोड नाय' म्हटलं की विरघळलाच म्हणून समजा.

त्याच्या धाकट्या बहिणीचा, हौसाचा, नवरा काशीराम हे पुरतं ओळखून होता. उरणजवळच्या करंजा बंदराचा माणूस. जमीन सरकारनं घेतली, तिचे पैसे आले, आणि इतरांनी घरावर स्लॅब टाकले तेव्हा यानं त्र्याण्णव साली कोरी करकरीत पिकअप घेतली. बंदरावरच्या लिलावात मासळी उचलायची, बर्फात दाबायची आणि घाट चढून पुण्याच्या बाजारात न्यायची. धंदा चांगला होता, पण भरलेली गाडी बोरघाटात रडायची. मागचे ट्रकवाले हॉर्न मारमारून पुढे निघून जायचे, आणि त्यांची मासळी विकून झाल्यावर हा बाजारात पोचायचा.

"काळू, जरा पंप वाढव ना," काशीराम म्हणाला.

आता पंप वाढवणं म्हणजे काय? पंपावर एक स्क्रू असतो. तो पिळला की इंजिनाला डिझेल जास्त मिळतं आणि गाडी खेचते. पण कंपनी तो स्क्रू तारेनं बांधते आणि तारेला शिशाचं सील मारते. सील तुटलं की वर्षाची गॅरंटी बाद. आणि कंपनीच्या मेकॅनिकनं बाहेर जाऊन पंपाला हात लावला तर त्याच दिवशी घरी. वर्कशॉपच्या भिंतीवर तसा बोर्डच होता.

"नाय जमणार भावजी," काळूराम म्हणाला. "वरीस होऊन द्या."

"अरे, वरीस होईतो बाजारात माजं नावच जाईल. मंग काय, नाक्यावरच्या कुणाला तरी दावतो. तुज्यासारका हात नसंल त्याचा, पण चालवून घेऊ."

झालं! नाक्यावरचा कुणीतरी! हे काळूरामला सोसणारं होतं का? पुढच्या रविवारी दुपारी हौसा उरणच्या बाजारात मासळी विकायला बसली होती, तेव्हा हा करंजाला त्यांच्या अंगणात पंपापुढे उकिडवा बसला. जुनं सील कापलं, स्क्रू पाव आटा फिरवला, इंजिन चालू करून कान लावला आणि हसला. पाव आटाच. इंजिनाला काही होणार नाही आणि घाट मात्र चढेल, एवढं त्याला नेमकं ठाऊक होतं.

पण आता सील कुठून आणायचं? सील दाबायची वर्कशॉपची पक्कड स्टोअरमध्ये कुलपात. काशीरामनं कुंपणावर वाळत घातलेल्या जाळ्याकडे बघितलं. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात ना, त्यातली एक त्यानं दातानं दोरा तोडून काढली. काळूरामनं ती तारेवर चढवली आणि हातोडीनं चेपली. दोघंही आपल्या अकलेवर खूश.

"सर्विसिंगला गाडी आना मातर," काळूराम म्हणाला. "मंग पक्कडीनं कंपनीचा छाप मारून देतो. कुनाच्या बापाला कलनार नाय."

सर्व्हिसिंगची तारीख आली आणि गेली. गाडी घाट अशी चढायला लागली की काशीरामनं तिला एक दिवससुद्धा उभी ठेवली नाही. पापलेटचा हंगाम! काळूरामनं दोनदा निरोप पाठवला. येतो, येतो, असं उत्तर आलं.

आणि एका पहाटे खोपोलीच्या अलीकडे भरल्या गाडीचं इंजिन जाम झालं. बर्फ वितळला, मासळी सडली, गाडी दोरखंडानं ओढत पळस्प्याला आणावी लागली.

काळूरामनंच इंजिन उघडलं. उघडल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. पंपाचा काही दोषच नव्हता! तेलाच्या वाटेत ओतकामाची वाळू राहून गेली होती. तेल पोचलं नाही म्हणून बेअरिंगं जळाली. चूक कारखान्याची होती. त्याच महिन्यात बनलेल्या तीन गाड्यांना कंपनीनं मुकाट्यानं नवी इंजिनं दिली होती.

तपासायला पुण्याहून कंपनीचे इंजिनियर कृष्णकांत रानडे आले. चष्मा पुसून सगळं बघणारा, शांत माणूस. वाळू बघून त्यांनी मान हलवली. मग पंपापाशी वाकले आणि सील बोटांत धरून बघत राहिले. छाप नाही, नंबर नाही, वर मिठाचा पांढरा थर.

"हे कुणी केलं?"

"मीच केला," काशीराम म्हणाला. काळूरामकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"तुम्हाला हा पंप उघडता येतो? बरं, हा स्क्रू कुठला, सांगा."

काशीरामनं भलत्याच नटावर बोट ठेवलं. रानडे हसले नाहीत.

"हे बघा, दोष आमचा आहे, ते मला दिसतंय. पण सील तुटलं की नियमाप्रमाणे माझे हात बांधलेले. एकच मार्ग आहे. ज्यानं हात घातला त्यानं किती फिरवलं ते सहीनिशी लिहून द्यावं. मग मी वर भांडतो, इंजिन मिळवून देतो. उद्या दुपारपर्यंत मी इथंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हौसा काळूरामच्या दारात उभी. रात्रभर रडलेली.

"दादा, त्यो मानूस कोन ते ह्ये सांगतच नाईत. तोंडाला कुलूप लावून बसलेत. तू सगल्या मेकॅनिकांना वलखतंस. शोधून काढ रं त्याला. मी पाया परेन त्याच्या. चार वली लिवायला त्याचा काय जातंय?"

काळूरामनं मागं वळून बघितलं. आत सुमती युनिफॉर्मला इस्त्री फिरवत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं इस्त्री उचलली, त्याच्याकडे बघितलं, नुसती मान नकारार्थी हलवली आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

"आनि नायच आला तर," हौसा पदरानं तोंड पुसत म्हणाली, "हात झरतील मेल्याचे."

"बघतो," काळूराम म्हणाला.

खरं सांगायचं तर तो निघाला तेव्हा लिहून द्यायचं ठरवूनच निघाला होता. रस्ताभर वाक्यं जुळवत होता. रानड्यांच्या टेबलासमोर दोनदा उभाही राहिला. एकदा त्यांनी विचारलं, "काय काळूराम?" तेव्हा याच्या तोंडून निघालं, "साहेब, चहा सांगू?" भित्र्या माणसा, तोंड उघडायचं होतंस ना रे! पण पोट आडवं आलं, इस्त्रीचा युनिफॉर्म आडवा आला. चहा आला, पिऊन झाला. घड्याळात दोन वाजले.

रानड्यांनी उसासा टाकून फॉर्म भरला. नाकारलं, असं लिहिलं. खाली गाडीच्या मालकाची सही, आणि इंजिन उघडणारा मेकॅनिक म्हणून काळूरामची.

काळूरामनं सही केली. नेहमीसारखीच वळणदार, खाली दोन टिंबं.

सहीला बोलावलेल्या काशीरामनं कागद उलटसुलट करून बघितला. इंग्रजी होतं सगळं.

"काळू, काय लिवलंय ते वाचून दाव."

कंपनीचे फॉर्म बघून बघून तेवढं इंग्रजी काळूरामला येत होतं. त्यानं खाली मान घालून मराठीत सांगितलं, "पंपाचं सील अनोळखी इसमानं तोडलेलं आहे. इसमाचा शोध लागला नाही. म्हणून इंजिन देता येत नाही."

काशीरामनं काळूरामच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं.

"बरा," तो म्हणाला. पेन घेऊन त्यानं आपली वाकडीतिकडी सही केली आणि आपल्या प्रतीची घडी खिशात घातली. "हौसाला सांगतो, काळूनं लय शोधला, पन मानूस गावला नाय."