अक्कांच्या ड्रुइडचं माहेर

धुळ्यात मला लीलाअक्कांनी सांभाळलं, हे आधी सांगतो. काय घडलं ते नंतर. मी असोद्याचा. नववीत शाळा सुटली, वडिलांशी भांडलो आणि धुळ्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागलो. घरी जायची हिंमत नव्हती, म्हणून "मला कोणी नाही" असं सांगायचो. जेवायला अक्कांची खानावळ. नव्या माणसाचं गाव, मामाचं गाव, आत्या कुठे दिली, हे विचारल्याशिवाय अक्कांना चैन नसे. माझ्याकडून काहीच निघालं नाही, तेव्हा नुसतं म्हणाल्या, "बरं, जेव आधी."

रविवारी दुपारी तिथेच इंजिनिअरिंगचा विनय एक खेळ मांडायचा. मुंबईच्या भावाने दिलेलं इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. विनय गोष्ट सांगणार, आपण त्यातलं एकेक पात्र व्हायचं. अक्कांनी दामटून मलाही बसवलं. मी शिपाई झालो. एकदा तांदूळ निवडता निवडता अक्का म्हणाल्या, "मी बी खेळस." ड्रुइड तेवढी उरली होती: रानातली पुजारीण, झाडांशी बोलणारी, वेळ पडली तर अस्वल होणारी.

"बठ्ठं ठीक शे. पन तिनं माहेर कोठलं शे?"

"अक्का, माहेर लागत नाही," विनय म्हणाला. "इथल्या सगळ्या पात्रांचे आईबाप राक्षसांनी मारलेत."

"बठ्ठास्ना?" अक्कांनी सूप खाली ठेवलं. "मायबाप माराबिगर तुमले घर सोडता येत नही का रे?"

मग ड्रुइडचं घराणं लिहिणं चाललं. बाप मध काढणारा, आई सुईण, भाऊ नदीकाठी केळी लावणारा, भावजय तोंडाने फटकळ, मावशी किल्ल्याच्या पायथ्याशी दिलेली. विनय कपाळाला हात लावून लिहीत होता.

पुढच्या डावात त्याच किल्ल्यापाशी माझा शिपाई घायाळ झाला. मंत्र संपले, औषध संपलं. विनय म्हणाला, "आसरा मिळाला नाही तर मेला." आसरा कोणाकडे मागणार? आम्ही सगळे अनाथ.

"मनी मावशी शे ना आठे!" अक्का ओरडल्या. "अस्वल व्हस, पाठवर टाकीसन लई जास!"

विनयने कागद पाहिला. मावशी होती. शिपाई वाचला. पोरं हसून लोळली, मी मात्र तो कागद ओढून मावशीची ओळ पुन्हा वाचली. ताटं उचलताना अक्कांनी हळूच विचारलं, "आन तुले काही व्हयनं तं तू कोठे जाशी रे?"

"असोद्याला," मी म्हणालो. गावाचं नाव तोंडातून पहिल्यांदाच निघालं.

लगेच नव्हे, पण दिवाळीआधी त्या मला एसटीत घालून निघाल्या. वाटेत पारोळ्याला मी म्हणालो, "अक्का, परत फिरू." "बस गुमान!" घरी पोचलो तर दारात वडील खाटेवर बसले होते. मी अक्कांच्या पाठीमागे.

"मी धुळ्यानी लीला. माहेर अमळनेर, मामा चोपडाना. तुमना पोऱ्या मना आठे जेवस. काम चांगलं करस. घर याद करस, पन येवाले भ्यास."

वडील उठले, खाट अक्कांपुढे सरकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उभा काय राहिलास? पाहुण्यांना पाणी दे."

आता मी धुळ्याहून कितीतरी दूर, परमुलखात आहे. अक्का थकल्या, मुलीकडे असतात. इथे कोणी विचारलं, गावाकडे कोण कोण आहे, की मी छाती पुढे काढून आईवडिलांसोबत अक्कांचंही नाव घेतो. इथे दोन खोल्या माझ्या होऊ द्या, अक्का. तुम्हाला आणायला मी स्वतः येणार आहे.