बेहड्याच्या ढोलीतलं बिऱ्हाड

कोंडाण्याच्या लेण्यांच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे. तिथली चिमा सरपण आणि रानभाज्या विकायला दहिवलीच्या बाजारात उतरायची. बोलणं कमी, चालणं झपझप.

साठ सालच्या सुमाराला, दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचे गुडघे धरले. कुणीतरी सांगितलं, धनेश पक्ष्याचं तेल चोळा. नवरा वाघ्या रानात गेला आणि चोचीत उंबर घेऊन निघालेला धनेश त्यानं गलोलीनं पाडला. तेल चोळलं, गुडघे होते तसेच राहिले.

आठ दिवसांनी चिमा काठी टेकत सरपणाला गेली, तर जुन्या बेहड्याच्या ढोलीतून बारीक चिवचिव ऐकू आली. ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं, मधे बोटभर फट. दोन दिवसांनी पुन्हा गेली, तेव्हा आत काहीच हालचाल नव्हती. तिनं वाघ्याला वर चढवून लिंपण फोडायला लावलं. आत मादी मरून पडली होती, पंखांची पिसं झडलेली, आणि तिच्या पोटाखाली दोन पिल्लं. त्यानंतर वाघ्यानं धनेशावर कधी गलोल धरली नाही. चिमा मात्र दर उन्हाळ्यात त्या झाडाकडं जाऊन बघायची. चार वर्षांनी तिथं नवी जोडी आली.

शहात्तरच्या चैत्रात दहिवलीच्या कुंटेबाई नववीच्या वर्गाला घेऊन कोंडाण्याची लेणी दाखवायला आल्या. परतताना दोघा-तिघांनी बेहड्यावरच्या धनेशाला दगड मारायला सुरुवात केली. मोळी घेऊन येणारी चिमा थांबली, मोळी खाली टाकली आणि म्हणाली,

"नका मारू रं. त्यो मेला तर आतली बी मरतात."

पोरं तिच्या बोलण्याला हसली. कुंटेबाईंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि चिमाला सांगायला लावलं. मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, तिची पिसं झडतात, तिला आणि पिल्लांना नर एकटा फटीतून चारतो, हे तिनं तुटक तुटक सांगितलं. तुला हे कसं कळलं, असं एका मुलीनं विचारलं.

"माझ्याच गुडघ्यांपायी मारला व्हता एक."

मग तिनं ते सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

त्या वर्षापासून दर चैत्रात बाई वर्ग घेऊन यायच्या. झाडापासून लांब, करवंदीच्या जाळीआड चिमा पोरांना बसवायची आणि तासभर गप्प ठेवायची. बाईंनाही त्यातून सूट नव्हती.

एक्याऐंशीत झाडाचा मालक येसाजी यानं आपल्या माळावरची झाडं कोळशाच्या ठेकेदाराला दिली. चिमा त्याच्या दारात गेली. पिल्लं उडेपर्यंत तेवढं एक झाड ठेव, मग तुझी मर्जी, असं म्हणाली. पाखरासाठी ठेकेदार कुठं थांबतो, असं म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी झाडावर खूण करायला तो माळावर आला, तर जाळीआड वर्ग बसलेला. त्यात त्याची पदूही होती. तिनं बापाला बोटानं खाली बसायची खूण केली. तो बसला. थोड्या वेळानं नर आला, फटीला चोच लावून एकेक उंबर आत दिलं आणि उडून गेला. आत कोण आहे, असं येसाजीनं हळूच विचारलं. पदूनं त्याच्या कानाशी लागून सांगितलं. खूण न करताच तो घरी गेला.

मृगाच्या तोंडावर पिल्लं उडाली. पावसाळ्यानंतर ठेकेदार उरलेलं झाड मागायला आला, तेव्हा येसाजी म्हणाला, "पोकळ हाय ते. कोळसा नाय पडायचा त्याचा."

पुढच्या फाल्गुनात बाजाराच्या दिवशी चिमा भाजीची पाटी घेऊन थेट शाळेत शिरली. तास चालू होता. वर्गाच्या दाराशी उभी राहून ती कुंटेबाईंना म्हणाली, "लिंपायला लागलीत, बाई."