ब्लीच संपलंय

पार्लरवाल्या बाईला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या की ती आपोआप बोलायला लागते. समोरचं दिसत नाही ना, मग लाज कुणाची! महाडच्या पेठेत, जिना चढून वर, एका खोलीत मी पंधरा वर्षं पार्लर चालवलं. पोलादपूर, वरंध, पार हिरकणीवाडीपासून बायका यायच्या. हसण्याचे किस्से पुष्कळ आहेत, पण आज आठवायला बसले तर दुसरेच वर येतायत. येऊ देत.

माझ्याबरोबर जुबेदा होती. थ्रेडिंगला तिच्यासारखा हात अख्ख्या तालुक्यात नव्हता. नवरा कुवेतला ड्रायव्हर, दोन वर्षांनी दोन महिने रजा. तेवढ्यात दिवस राहायचे, आणि तो परत गेला की इकडं पोटातलं जायचं. दोनदा असं झालं. तिला मूल हवं होतं, बाकी काही मागणं नव्हतं त्या पोरीचं.

*

आमच्याकडं तिसरा महिना सरेपर्यंत गोड बातमी कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणे! आणि नेमक्या त्याच महिन्यांत बायका कुणाच्या तरी हळदीला जायचं म्हणून माझ्या खुर्चीत येऊन बसायच्या. सुरुवातीला एक अशीच पोलादपूरची आली. ब्लीच लावलं, वास नाकात गेला आणि तिनं भडाभडा उलटी केली.

"काय गं, दिवस गेलेत का?" मी विचारलं.

"नाय ओ, सकाळची भजी बाधली."

आठ दिवसांनी तिची सासू जिना चढून आली आणि चार बायकांदेखत ओरडली, "माझं नातवंड खाल्लंस तू!"

मी तशीच पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडं धावले. त्या म्हणाल्या, "ब्लीचमुळंच झालं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण गरोदर बाईवर ही रसायनं नीट तपासून कुणी बघितलीत? वास सोसत नाही, कातडी नाजूक झालेली असते. नऊ महिने थांबलं तर काय बिघडतं?" पटलं मला. पण त्या सासूचा आवाज काही कानांतून गेला नाही. घरी जाऊन खूप रडले.

*

आता, विचारावं तर कुणी खरं सांगत नाही. शेजारी सासू नाहीतर नणंद बसलेली! मग मी नि जुबेदानं एक युक्ती काढली. एखादी वासानं तोंड फिरवायला लागली, नाहीतर गुपचूप चिंच चघळताना दिसली, की मी म्हणायची, "अगं बाई, ब्लीच संपलंय! डायपण नाही. आज नुसत्या भुवया करून जा." कुणाचा अपमान नाही, कुणाचं गुपित फुटत नाही.

वर्षभरात सगळ्या गावानं ओळखलं! वरंधची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. मी म्हटलं ब्लीच संपलंय, तशी टुणकन उठली. "खरं सांगतेस? थांब, पेढे घेऊन येते!" सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

*

हिरकणीवाडीची एक मावशी सातव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन आली. म्हणाली, "हिच्या तोंडाला नको, पोटाला लाव ब्लीच. नातू गोरा व्हायला पायजे."

मी कपाळावर हात मारला. सून सावळी, बोलणी खाऊन खाऊन मान खाली गेलेली. पण त्या दिवशी मान वर करून म्हणाली, "मग आई, तुमच्या वेळी लावायचं होतं की! तुमचा ल्योक माझ्याहून काळा हाय!"

जुबेदाच्या हातातला दोरा तुटला हसताना. सासूपण हसली शेवटी. जाताना ती सून मात्र जिन्यात थांबली आणि मला हळूच म्हणाली, "ताई, पोरगी झाली आणि माझ्यासारखी झाली तर वो?"

*

ह्या युक्तीनं एकदा माझंच काळीज चिरलं. वरंधा घाट दरडीनं बंद, पुण्याहून येणारा माल अडकलेला, ब्लीच खरोखरच संपलं. नेमक्या शाळेतल्या एक बाई आल्या. लग्नाला बारा वर्षं, मूल नाही. मी आपली सहज बोलून गेले, "बाई, ब्लीच संपलंय हो."

त्यांनी माझा हात धरला. "ताई, तुम्हाला काही दिसलं का माझ्यात? खरं सांगा ना!"

मी म्हटलं, "माल आला नाही, बाई. घाट बंद आहे."

"हो हो, तेच म्हटलं मी," त्या म्हणाल्या आणि भुवया न करताच जिना उतरल्या. जुबेदानं त्यांच्यासाठी काढलेला दोरा परत गुंडाळून ठेवला. तेव्हापासून एक पाकीट मी कपाटात राखून ठेवायची, पुन्हा तशी वेळ यायला नको म्हणून.

*

मग मुंबईला दिलेली एक पोर माहेरी आली. पाचवा महिना. "ताई, ओठ फुगवायचं इंजेक्शन महाडात कोण देतं का?"

जुबेदा म्हणाली, "इंजेक्शन कशाला गो? आमच्या परसात गांधीलमाश्या हायत, फुकटात फुगतील!" आम्ही दोघी खदाखदा हसलो. पोर हसली नाही.

"मुंबईच्या डॉक्टरनी नाही म्हणून सांगितलं. पोटुशीवर ते तपासलेलंच नाही म्हणे. बाळाचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत थांबा म्हणाले."

"मग थांब की!"

"आमचे हे थांबत नाहीत ना. म्हणतात, तुला ओठ आहेत कुठं? पोट दिसायला लागल्यापासून तर माझ्याकडं बघतपण नाहीत."

असा संताप आला मला! म्हटलं, "महाडात कुणी देत नाही, आणि देत असतं तरी तुला जाऊ दिलं नसतं!" जुबेदानं मात्र उठून बोटानं तिच्या ओठांना डब्यातलं तूप लावलं. "चांगले हायत गो. मी काय खोटं बोलते?" पोर ढसाढसा रडली.

*

त्याच वर्षी जुबेदाचा नवरा रजेवर येऊन गेला. थोड्या दिवसांनी एका सकाळी ब्लीच कालवताना ती तोंडाला ओढणी लावून बाजूला झाली. मी वाटी तिच्या हातातून घेतली आणि म्हटलं, "आजपासून तू फक्त थ्रेडिंग." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि लाजून हसली.

तेव्हापासून ब्लीच, डाय, सगळं मी. मधे जिना उतरायला लागू नये म्हणून तिचा डबापण मीच आणायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची, मी सांगायची, "तिचा हात दुखतो." तिसरा महिना सरला, चौथा गेला. कुवेतहून शेजारच्या एसटीडी बूथवर फोन यायचा. दोघांनी नावं ठरवली, मुलाचंही आणि मुलीचंही. मी दोन झबली शिवून ठेवली.

पाचवा भरत आला आणि एक दिवस ती कामावर आली नाही. संध्याकाळी तिची आई आली. जिन्यातच बसली, वर आलीच नाही. मला काय ते कळलं.

दीड महिन्यानं जुबेदा परत आली. मी तिला बसवलं, चहा दिला. तेवढ्यात ब्लीचचं गिऱ्हाईक आलं. मी उठायच्या आत तिनं वाटी घेतली, पावडर ओतली, तोंडाला ओढणी न लावता कालवायला लागली.

मी म्हटलं, "जुबेदा, दे इकडं."

"ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली, "आता कुणासाठी जपताय मला?"