जुवाची डावी बाजू

"होटगीला जुनं लाकडी जू मिळालंय, बघायला ये. रेश्माही आहे," असा सुनंदाचा फोन आला आणि मी लगेच तिकीट काढलं. जुवासाठी नव्हे, ही रेश्मा कोण ते बघायला!

सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. बावीस वर्षं आम्ही एक वही भरतोय. हजारो वर्षांपूर्वीच्या भाषेतला एकेक धातू, म्हणजे मूळ शब्द, घ्यायचा आणि त्याची लेकरं देशोदेशी हुडकायची. आपल्याकडचे शब्द उजव्या पानावर ती लिहिते, युरोपातले डाव्या पानावर मी. वही तिच्याकडे असते, मी गेले की माझं पान भरते. सध्याचा धातू ‘येउग्’, म्हणजे जोडणे. आपलं जू आणि योग त्याचेच.

पुण्याहून सकाळची गाडी धरलीत तर जेवायला सोलापुरात पोचता. स्टेशनवरून जुळे सोलापूर भागात रिक्षा करा, भाडं आधी ठरवा. सुनंदाकडे कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असा बेत होता. आणि टेबलावर आमची वही, तिशीतल्या एका मुलीसमोर उघडी. हीच रेश्मा, सुनंदाची विद्यार्थिनी. उजव्या पानावर चक्क हिचं अक्षर! माझ्यापेक्षा सुंदर. मी ताट बाजूला सारलं.

"कानडी किती छान बोलते ही! गावोगावच्या शेतकऱ्यांना बोलतं करते. माझं निम्मं काम हिनंच केलं," सुनंदा म्हणाली. माझं असं कौतुक तिनं कधी केल्याचं आठवत नाही.

जवळच्या होटगी गावाला जाताना रिक्षात रेश्मा मधे बसली. तिथले शेतकरी मल्लप्पाकाका, त्यांनी गोठ्यातून बाभळीचं जू काढून दाखवलं.

"उचलून बगा की. एकटीला न्हाय जमायचं, दुसरी बाजू ह्या पोरीला धरू द्या."

उचललं. लई जड!

"बैलाची बाजू ठरल्याली असती," काका म्हणाले. "डाव्याला उजवीकडं जुंपलं तर पाऊल टाकत न्हाय."

"आणि डावा थकला तर?" मी विचारलं.

"दुसरा बगायचा की."

वहीतलं डावं पान माझं, त्यामुळे हे मला फारच लागलं.

परतताना रेश्मानं विचारलं, "इंग्रजी योक, जर्मन योख, लॅटिन युगुम, रशियन ईगो. आणखी काही आहे का, ताई?" लिथुआनियन ‘युंगस’ मला ठाऊक होता. "नाही आठवत," म्हणाले आणि माझं पान न भरताच संध्याकाळची गाडी पकडली.

घरी पोचले तर रेश्मानं वहीचा फोटो पाठवला होता. उजवं पान गच्च, डावं कोरं. खाली लिहिलं होतं, ‘मी लिहू का विचारलं, तर मॅडम रागावल्या. म्हणाल्या, ते पान तिचं आहे, ती येईपर्यंत कोरंच राहील.’

मी ‘युंगस’ टाइप केलं आणि पुसून टाकलं. शनिवारचं तिकीट काढलंय, हातानंच लिहीन. रेश्माचं अक्षर मला अजून खुपतंय. पण निदान शनिवारी रिक्षात मधे मी बसणार.